दुसरं तोंड

सोलापुरात सात रस्ता चौकात परवा हुरड्याची गाडी दिसली. कोवळा हिरवा हुरडा प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलेला, शेजारी शेंगाचटणीच्या पुड्या, आणि गाडीच्या कोपऱ्यात नुसती दाखवण्यापुरती चार कणसं. माझी रिक्षा सिग्नलला अडकली म्हणून मला ते सगळं नीट बघावं लागलं. एरवी पौषात मी त्या बाजूला मान वळवत नाही. गाडीवाल्यानं माझं बघणं टिपलं.

"मंगळवेढ्याचा हाय बाई, सकाळीच काडलाय. लई गोड. घ्या की!"

"नको, मला आवडत नाही," मी म्हणाले.

हे साफ खोटं आहे. पण गेली काही वर्षं मी ते इतक्या सहज सांगते, की माझ्या सुनेनंही 'आईंना हुरडा चालत नाही' असं धरून टाकलंय. जिचं अर्धं आयुष्य लोकांच्या बोलण्याची खातरजमा करण्यात गेलं, तिचं बोलणं घरात कुणी तपासत नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडी भीतीही वाटते. सिग्नल सुटला, रिक्षा पुढे गेली, आणि भाजलेल्या कणसाचा वास मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला. गाडीवर काहीही भाजत नव्हतं. तो वास जुना होता.

मी एका जिल्हा दैनिकात होते. नाव सांगत नाही. ते अजून निघतं. खाली चादरींचं दुकान, वरती आम्ही. जिना चढताना नव्या सुताचा वास यायचा, आणि दार उघडलं की शिळ्या चहाचा. माझ्याकडे तालुक्यांच्या पानांची पडताळणी होती. म्हणजे बार्शीपासून माळशिरसपर्यंत जिथून जिथून बातमी येईल, तिथे फोन करून ती खरी आहे का हे विचारायचं आणि मग पान सोडायचं. तालुक्यांची पानं सगळ्यात आधी छापायला जातात. पाचच्या ठोक्याला माझं टेबल रिकामं झालेलं असायचं, आणि मी भाजी घ्यायला मोकळी.

पडताळणीची आमची एक रीत होती. ती घालून दिली तात्यांनी, माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी. तात्यांच्या काळात एकदा बार्शीच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या निधनाची बातमी छापली गेली, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ छत्री घेऊन जिना चढून आला आणि टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "मला कुणी मारलं त्याला बाहेर काढा." गेला होता त्याचा चुलतभाऊ. तात्यांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि सगळ्यांच्या देखत त्याची माफी मागितली. त्या दिवसापासून टेबलावर एक लांबट वही आली. ज्या बातमीनं कुणाला दुखेल, ती दोन तोंडांनी सांगितल्याशिवाय छापायची नाही. आणि दुसरं तोंड पहिल्याच्या घरचं नको. वहीत वरच्या ओळीवर बातमी, खाली दोघांची नावं. "मयताची बातमी असली तर देवानं येऊन सांगितलं तरी दुसरं तोंड विचार," असं तात्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. पुढे आमच्याकडे त्याची थट्टाच झाली. कुणी म्हणालं की चहा आलाय, तर दुसरा हमखास विचारायचा, "दुसरं तोंड कुठाय?"

आमच्या वार्ताहरांपैकी ही रीत कुणी मनावर घेतली असेल तर ती आण्णांनी. सांगोल्याच्या पलीकडच्या माळावर त्यांचं गाव. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू ज्वारी, आणि उरलेल्या वेळात आमची वार्ताहरी. खांद्यावर घोंगडं आणि खिशाला दोन पेनं. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. फोन केला की आधी स्वतःचं नाव सांगायचे, मग बातमी, आणि मी काही विचारायच्या आत, "आता दुसरं तोंड घ्या मॅडम," म्हणून जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फोन द्यायचे. त्या बिचाऱ्याला बरेचदा काय चाललंय तेच कळायचं नाही. "आण्णा म्हंत्यात ते खरं हाय," एवढं बोलून तो मोकळा व्हायचा, आणि मागून आण्णांचा आवाज यायचा, "आसं न्हाय गड्या, तू काय बगितलंस ते सांग की!"

मी हसायचे. ते हसणं मला आता आठवतं.

दर पौषात आण्णा एसटीच्या कंडक्टरबरोबर हुरडा पाठवायचे. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेला, फडक्याच्या गाठीत खोचलेली चिठ्ठी. 'गरम खायाचा आस्तो. थंड हुरडा म्हंजे नुसती आठवण. तरी गोड मानून घ्या.' आम्ही तो थंडच खायचो, तालुक्याच्या पानांच्या टेबलावर जुना अंक पसरून. पान लावणारा नरसय्या घरून शेंगाचटणी आणायचा. त्याच्या घरात सगळे मागावर बसणारे, बोलणं तेलुगू, पण चटणी अस्सल सोलापुरी. फडकं मी घरी नेऊन धुवायचे आणि पुढच्या वेळी आण्णा आले की घडी घालून परत द्यायचे. एवढा आमचा वर्षाचा व्यवहार.

त्या वर्षीचा पौष निवडणुकीचा होता.

सोलापुरात थंडी सकाळपुरती असते. अकरा वाजले की स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला लावायचा. त्या पौषात खिडकीतून एकामागून एक प्रचाराच्या गाड्या यायच्या, एकीचं गाणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. गावाकडे ज्वारी कमरेच्या वर आलेली, कणसात दूध भरलेलं, आणि पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्यांत कर्ण्यांचे आवाज मिसळलेले. आण्णांचा फोन आला की मागे हे दोन्ही ऐकू यायचे. मला तो ऋतू आवडायचा. खरं सांगायचं तर निवडणुकाही आवडायच्या. बातमीला तेव्हा धार येते, आणि आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

दोन बाजू होत्या. नावं घेऊन काही मिळणार नाही. ऑफिसात एका बाजूला आम्ही 'आपले' म्हणायचो आणि दुसरीला 'ते'. असं म्हणायचं कुणी ठरवलं नव्हतं. माझ्या वडिलांनी 'आपल्यां'चा झेंडा ऐन तारुण्यात खांद्यावर वाहिला होता. आमच्या घरात त्या बाजूची माणसं चहाला यायची, माझ्या लग्नात पंगतीत वाढायला होती. मी स्वतःला निष्पक्ष समजायचे. तसं मी भाषणातही सांगायचे, कारण पडताळणी या विषयावर मला कॉलेजांतून बोलवायचे.

पक्षपात म्हटला की लोकांना वाटतं, कुणीतरी दार लावून खोटी बातमी रचली असणार. आमच्याकडे तसं एकदाही झालं नाही. आमचे संपादक, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी मला कधीही अमुक छाप, तमुक छापू नको असं सांगितलं नाही. ते फक्त एका कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "हे जरा नीट बघून घ्या." आणि दुसऱ्यावर म्हणायचे, "हे काय, उघडच आहे." मला त्यातला फरक कळायचा. इतका कळायचा, की काही दिवसांनी त्यांनी बोट ठेवायचीही गरज उरली नाही. नियम आम्ही मोडला नाही. मोडला असता तर कुणीतरी ओरडलं असतं. आम्ही तो एका बाजूला घट्ट केला आणि दुसऱ्या बाजूला सैल सोडला.

आण्णांची बातमी आली ती मार्गशीर्ष संपता संपता. त्यांच्या गावात मेंढरं मरत होती. तोंडाला फोड, नाकाला धार, दोन दिवस चारा नाही, की तिसऱ्या दिवशी आडवी. सरकारी कागदावर त्या गावातल्या झाडून सगळ्या मेंढरांना लस टोचलेली होती. प्रत्यक्षात लसवाले गावात आलेच नव्हते. आणि 'आपल्या' उमेदवाराच्या पत्रकावर पहिलीच ओळ होती, 'प्रत्येक मेंढीला लस, हा आमचा शब्द पूर्ण.'

"आता दुसरं तोंड घ्या मॅडम," आण्णा म्हणाले आणि त्यांनी शेजाऱ्याला फोन दिला. शेजारी नीट बोलला. या वेळी त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याची स्वतःची मेंढरं गेली होती.

तात्यांच्या वहीप्रमाणे बातमी तिथे पूर्ण झाली होती. मी म्हणाले, "आण्णा, हे शेजारी तुमच्या भावकीतले ना? बाहेरचं कुणी बघा." त्यांनी वस्तीवरचा एक माणूस दिला. मी म्हणाले, डॉक्टरांचं म्हणणं हवं. डॉक्टर बोलेनात. मी म्हणाले, फोटो पाठवा. त्यांनी पाठवले. मी म्हणाले, फोटोवर तारीख नाही. मी म्हणाले, अंगठे घ्या. त्यांनी माळावर फिरून अंगठे घेतले. मी म्हणाले, लसीच्या खात्यातल्या साहेबांची बाजू विचारायला हवी, आणि ते साहेब आठवडाभर फोन उचलत नव्हते. दर वेळी आण्णा म्हणायचे, "बराबर हाय. कच्ची बातमी नको." त्यांना एकदाही शंका आली नाही. त्यांना वाटत होतं की मी त्यांची बातमी पक्की करते आहे. आणि मलाही, देवाशपथ, बरेच दिवस तसंच वाटत होतं.

मग एका दुपारी आण्णा जिना चढून आले. बरोबर त्यांची बायको. वहिनींना मी पहिल्यांदाच बघत होते. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पायताण. चपला दाराबाहेर काढायच्या की नाही ते न कळून त्यांनी त्या हातात घेतल्या होत्या.

"दुसरं तोंडच घेऊन आलो मॅडम," आण्णा म्हणाले. चेहऱ्यावर परीक्षेत सगळी उत्तरं लिहून आलेल्या माणसाचं समाधान होतं. "मेंढरामागं हीच आस्ती. मी निस्ता कागुद लिवतो."

वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी पाणी मागवलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती कुणाची तक्रार म्हणून नव्हे, घरातलं आजारपण सांगावं तशी. कुठली मेंढी आधी बसली, कुठलीनं पिलाला दूध ओढू दिलं नाही, कुठलीला त्यांनी मांडीवर डोकं घेऊन गुळाचं पाणी पाजलं. प्रत्येकीला नाव होतं. चंद्री, बांडी, मोरी. "लसवाला आला आसता तर मला दिसला आसता की. मी कुटं जाती? दिसभर तितंच हाय."

त्या बोलत होत्या तेव्हा नरसय्यानं हातातलं काम खाली ठेवलं होतं. माझंही पेन वहीकडे गेलं होतं. त्याच वेळी काचेच्या केबिनमधून सरांनी एकदा वर पाहिलं. फक्त पाहिलं.

मी म्हणाले, "वहिनी, तुमचं सगळं खरं आहे. पण तुम्ही घरच्या. घरचं दुसरं तोंड आमच्यात धरत नाहीत."

त्यांनी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी मान हलवली. नियम त्यांना पाठ होता. मग वहिनी माझ्याकडे वळून, अगदी सरळपणे, म्हणाल्या, "मेंढरं माजी मेली. मग मी न्हाय सांगायचं तर कुणी सांगायचं?"

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. आण्णांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. आदल्या दिवशी त्यांच्याकडे झालेल्या एका सभेचं वृत्त. "हे बगून घ्या येळ मिळंल तवा," म्हणाले. शिपायानं आणलेला पाण्याचा पेला वहिनींनी त्याच कागदावर ठेवला. त्यातलं पाणी त्या प्यायल्याच नव्हत्या. दोघं गेली. जाताना आण्णा म्हणाले, "हुरडा येतोच हाय. पंधरा दिसात लावून देतो."

इथे मला थांबावं लागतं. दर वेळी इथेच थांबते. पुढचं सांगायला मला अजून हिंमत गोळा करावी लागते, आणि ते तर मीच केलेलं आहे.

त्याच दुपारी चारच्या सुमाराला 'त्यां'च्या उमेदवाराची एक क्लिप फोनवर आली. त्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. गावोगाव फिरून लसीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच. क्लिपमध्ये त्या माईकवर म्हणत होत्या, 'मेंढरंवाल्यांना गावात पाय ठेवू देणार नाही.' एवढंच. उभ्या ज्वारीत मेंढरं शिरतात म्हणून त्या भागात आधीच कुरबुर होती. या एका वाक्यानं आग लागणार हे कुणालाही कळलं असतं.

सर केबिनमधून बाहेर आले. "हे काय, उघडच आहे. पाचच्या आत घ्या."

नरसय्यानं कानात इअरफोन घालून ती क्लिप दोनदा ऐकली. "मॅडम, सुरुवात अर्धवट हाय बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी काहीतरी बोलल्यात त्या. श्वास मधेच हाय."

मलाही ऐकू आलं होतं. माणूस वाक्य सुरू करताना जसा आवाज उचलतो, तसा तो उचललेला नव्हता. इतकी वर्षं फोनवर माणसांचं खरंखोटं ऐकून माझा कान तयार झाला होता. तो तयार कान घेऊन मी वही ओढली, बातमी लिहिली, आणि खाली दोन नावांच्या जागी लिहिलं, 'क्लिप पाहिली. खात्री झाली.' नरसय्यानं पान लावलं. पान पाचला दहा मिनिटं कमी असताना गेलं. वहिनींची खुर्ची अजून तशीच तिरकी होती.

सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा आण्णांचा फोन वाजत होता.

"मॅडम, त्या सभंत मी हुतो."

मी खुर्ची ओढून बसले.

"पयल्याच वळीला हुतो. बाई म्हणल्या, समोरचे पुढारी आसं म्हणत्यात, की मेंढरंवाल्यांना गावात पाय ठिवू देणार न्हाय. आन् म्होरं इचारलं, मेंढरं मरत हुती तवा तुमी कुटं हुता? म्या सगळं लिवून दिलंय तुमाला. हातात दिलंय."

मी वहिनींचा कालचा पेला उचलला. कागदावर पाण्याचा गोल डाग पडला होता आणि त्या गोलात निळी शाई पसरली होती. तरी वाचता येत होतं. सबंध वाक्य होतं, मागचापुढचा संदर्भ होता, आणि खाली आण्णांच्या शाळकरी अक्षरात, 'दुसरं तोंड', आणि दुसऱ्या गावच्या एका माणसाचं नाव.

"मला एक फोन केला आसता," आण्णा म्हणाले.

"घाई होती आण्णा," मी म्हणाले.

या वेळी फोनवर मागे काहीच ऐकू येत नव्हतं. कर्णे नाहीत, पाखरं नाहीत. मग ते म्हणाले, "आमच्या मेंढरांच्या टायमाला न्हवती ती." आवाज चढला नव्हता. त्यांनी फोन ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुसरं तोंड घ्या असं म्हणाले नाहीत.

त्या बाईंना दोन वस्त्यांवर लोकांनी सभा घेऊ दिली नाही. त्या पडल्या. क्लिपमुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही; त्याला माझ्याकडे एकही तोंड नाही. मतदान झाल्यावर आठव्या पानावर आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. मेंढरांची बातमीही छापली, निकालानंतर, 'ग्रामस्थांची तक्रार' अशा नावाखाली. तोवर गावात मरायचं राहिलेलं फारसं काही नव्हतं. त्या पौषात हुरडा आला नाही. मी दोनदा एसटी स्टँडवर जाऊन पार्सलची चौकशी केली. कशासाठी गेले मी? आण्णा रागावले आहेत हे मला ठाऊक होतं. पण फडक्याची गाठ दिसली असती तर मला माफी मिळाल्यासारखं वाटलं असतं. ती मला हवी होती, तीही गरम नसली तरी चालली असती.

ती वही आता माझ्याकडे आहे. ऑफिसात सगळं संगणकावर गेलं तेव्हा रद्दीत निघाली होती. मी उचलून आणली. नोकरी सोडल्यावर एका उन्हाळ्यात बसून मी ती पहिल्यापासून वाचली. तात्यांच्या अक्षरातली पानं बघितली तर सगळीकडे दोन नावं, मग बातमी कुणाच्याही विरुद्ध असो. माझ्या अक्षरातली पानं तशी नाहीत. 'आपल्यां'ना लागणारी बातमी असली की खाली चार, पाच, सहा नावं, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी, 'थांबवली'. 'त्यां'ना लागणारी असली की, 'खात्री झाली'. कुणाची खात्री, कशी झाली, काही नाही. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. एकही नोंद खोटी नव्हती. शंका घेण्यात मी कधी कसूर केली नाही. फक्त ती मी वाटून दिली होती, घरातलं गोडधोड वाटावं तशी, कुणाला जास्त आणि कुणाला कमी.

आता कॉलेजातली मुलं कधी कधी घरी येतात. त्यांच्या फोनवर मोठमोठ्या शहरांतल्या पडताळणीवाल्यांचे लाल शिक्के असतात, 'खोटं', 'दिशाभूल', 'अर्धसत्य'. एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, हे लोक तर पुरावा देतात, मग त्यांना पक्षपाती कसं म्हणायचं?" मी तिला म्हटलं, जे तपासलं ते बघू नकोस, जे तपासायला घेतलंच नाही ते शोध. आणि कुणासाठी किती पुरावा मागितला ते मोज. तिनं ते वहीत लिहून घेतलं. फार शहाण्या बाईचं बोलणं ऐकावं तशी ती माझ्याकडे बघत होती. मला तिला सांगावंसं वाटलं, की बाळ, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. पण सांगितलं नाही. चहा टाकायला उठले.

त्या निवडणुकीच्या नंतरच्या वर्षीही पौष आला. तो कुणासाठी थांबत नाही. मी अजून त्याच खुर्चीवर होते. एका दुपारी सांगोल्याच्या दुसऱ्या वार्ताहराचा निरोप आला. दोन ओळींचा. आमचे जुने वार्ताहर आण्णा सकाळी मेंढरांमागे असताना छातीत कळ येऊन गेले. एक कॉलम बातमी घ्यावी.

मेंढरांमागे. म्हणजे त्यांनी पुन्हा चार घेतली होती.

मी वही उघडली. मयताची बातमी. हात आपोआप चालत होता. वार्ताहराचं नाव लिहिलं, आणि खाली दुसरी रेघ मोकळी राहिली. नरसय्या म्हणाला, "मॅडम, राहू द्या की. आण्णांचं कोण खोटं सांगल?" पण मला ते जमेना. निदान ही एक बातमी तरी त्यांच्या रीतीनं व्हावी असं मला वाटलं. आणि खोलवर कुठेतरी, लाज वाटते सांगायला, मला आशाही होती. छत्री घेऊन जिना चढून येतील, आणि विचारतील, मला कुणी मारलं. मी सांगितलं असतं.

मी आण्णांच्या घरचा नंबर लावला. फोन वहिनींनी उचलला. मागे बायकांचं रडणं येत होतं. वहिनी रडत नव्हत्या.

"वहिनी, मी सोलापूरहून. पेपरातून."

"वळकलं."

"आण्णांचं कळलं. वहिनी, मी... खरं आहे का, एवढंच..."

  मग त्या म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी आज हे लिहीत बसले नसते.

"व्हय. खरं हाय. पर मी घरची. माजं तुमी धरत न्हाय." आणि फोन तोंडापासून दूर नेऊन त्यांनी कुणाला तरी हाक मारली, "आगं हिकडं ये. तू परक्या घरची हाईस न्हवं? ह्यास्नी सांग. तू सवता काय बगितलंस ते सांग."